सारेची १२७ वर्षे
कुटुंबातील वयोवृद्ध मातेचे स्मरण कसे करावे? : एक शास्त्राभ्यास

शास्त्रवाचन : उत्पत्ति २३:१-२०, उत्पत्ति २४:६७, २ तीमथ्य १:३-५



घरातील वयोवृद्ध आजी किंवा आई प्रभूमध्ये झोपी गेली म्हणजे काही दिवसांनी स्मरणाची उपासना होते. नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायाचे वाचन होते. मुले, सुना, जावई आणि नातवंडे एकामागून एक उभी राहून साक्ष देतात. ती प्रार्थनाशील होती, कष्टाळू होती, तिने सर्वांवर प्रेम केले, असे सारेच सांगतात. पुढे कबरेवर दगड बसवला जातो आणि त्यावर नावाखाली दोन तारखा कोरल्या जातात. वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरातील एखाद्या नातवाला विचारावे की, आजीचे माहेरचे नाव काय होते? तिचा बाप्तिस्मा कोणत्या मंडळीत झाला? घरावर संकट आले तेव्हा तिने काय केले? बहुतेक वेळा त्याला उत्तर देता येत नाही. आजी चांगली होती एवढेच त्याला ठाऊक असते.

ज्या मातेने नव्वद वर्षे जगून एका घराण्याला विश्वासात उभे केले, तिच्याविषयी एवढेच उरावे काय? पवित्र शास्त्र आपल्या मातांचे स्मरण कोणत्या रीतीने करते, हे पाहण्यासाठी आपण या पाठात अब्राहामाची पत्नी सारा हिच्या आयुष्याचा विचार करू.

१. देवाच्या वचनात नोंदलेले वय

उत्पत्तीच्या २३व्या अध्यायाचा आरंभ सारेच्या वयाने होतो. ती १२७ वर्षे जगली आणि कनान देशात हेब्रोन येथे मरण पावली. पवित्र शास्त्रात पुष्कळ पुरुषांचे मृत्युसमयीचे वय दिले आहे. स्त्रियांमध्ये मात्र मृत्युसमयीचे वय नोंदलेली सारा ही एकटीच आहे. हव्वेचे वय दिलेले नाही, रिबकेचे नाही, राहेलीचेही नाही. मंदिरात बाळ येशूला पाहणाऱ्या हन्नेच्या वृत्तांतात ८४ हा आकडा येतो (लूक २:३६-३८), पण तिच्या मरणाची हकिकत तेथे नाही.

सारेच्या १२७ वर्षांचा हिशेब शास्त्राच्या आधारे मांडता येतो. ती अब्राहामापेक्षा दहा वर्षांनी लहान होती (उत्पत्ति १७:१७). अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा तो ७५ वर्षांचा होता (१२:४); म्हणजे सारा ६५ वर्षांची होती. ज्या वयात माणूस विसाव्याची अपेक्षा करतो, त्या वयात तिने घर सोडले, आणि तेथून पुढची ६२ वर्षे ती तंबूत राहिली. कनानात दहा वर्षे झाल्यावरही मूल नव्हते, तेव्हा तिने आपली दासी हागार पतीला दिली (१६:३). इसहाक जन्मला तेव्हा ती ९० वर्षांची होती. त्यानंतर ती आणखी ३७ वर्षे जगली.

वाचकहो, या हिशेबाकडे नीट पाहा. सारेच्या आयुष्याचा फार मोठा भाग वाट पाहण्यात गेला. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांचे आयुष्यही पुष्कळदा असेच असते. परगावी नोकरीला गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट, मुलीच्या बाळंतपणाची काळजी, मंडळीपासून दुरावलेला कोणी परत यावा म्हणून वर्षानुवर्षे केलेली प्रार्थना. जगाच्या दृष्टीने ही वर्षे रिकामी असतात. देवाच्या वचनाने ती वर्षे मोजून लिहून ठेवली.

२. तंबूच्या दारातील हसू

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट पाहू. इब्री लोकांस पत्र ११:११ मध्ये सारेची गणना विश्वासाच्या वीरांत केली आहे. पेत्र तिला आज्ञाधारक स्त्रियांचा कित्ता म्हणून पुढे करतो (१ पेत्र ३:६). यशया तर बंदिवासात खचलेल्या लोकांना आपला पिता अब्राहाम आणि आपल्याला जन्म देणारी सारा यांच्याकडे पाहण्यास सांगतो (यशया ५१:२). पण याच सारेविषयी उत्पत्तीचा १८वा अध्याय काय सांगतो? पुत्राचे अभिवचन कानी पडताच ती तंबूच्या दारात उभी राहून मनात हसली. ते आनंदाचे हसणे नव्हते. आता या वयात हे कोठून होणार, असे अविश्वासाचे ते हसणे होते. परमेश्वराने त्याविषयी विचारले तेव्हा ती भ्याली आणि आपण हसलोच नाही असे म्हणाली. तू हसलीस, असे तिला सांगण्यात आले.

हा प्रसंग शास्त्रातून गाळता आला असता. तो गाळलेला नाही. इतकेच नव्हे, पुढे जन्मलेल्या मुलाचे नाव इसहाक ठेवण्यात आले, आणि त्या नावाचा अर्थच हसण्याशी जोडलेला आहे. मुलाला हाक मारताना दरवेळी सारेला आपल्या अविश्वासाची आठवण होत असेल, आणि देवाने त्याच हसण्याचे रूपांतर खऱ्या आनंदात कसे केले (२१:६) याचीही.

येथे आपल्या विषयाचे मर्म आहे. सारेचा विश्वास शास्त्राने जसा टिपला तसा तिचा संशयही टिपला. तिचा संशय आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच तिच्या विश्वासाचा आपल्याला आधार वाटतो. जिला कधी शंका आली नाही, जी कधी खचली नाही, अशा आजीचे चित्र आपण नातवंडांपुढे ठेवले, तर ती मनात म्हणतील, 'आजीची गोष्ट वेगळी. आपल्याला ते जमणार नाही.' ज्या तरुणाला आज प्रार्थना करणे कठीण जाते, त्याला कोणी सांगावे की आजोबा गेल्यानंतर कितीतरी दिवस आजीलाही प्रार्थना करता येत नव्हती. ती नुसती पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन बसत असे. ही माहिती त्याला दहा गौरवपर भाषणांहून अधिक उपयोगी पडेल.

३. हागारेचे अश्रू

सारेच्या जीवनातील याहून कठीण पान हागारेचे आहे. सारेनेच तिला पतीकडे दिले, आणि ती गर्भवती झाल्यावर सारेनेच तिचा जाच केला. तेव्हा हागार पळून गेली (१६:६). इसहाकाचे दूध तोडल्यावर सारेने त्या दासीला व तिच्या पुत्राला घालवून देण्याचा आग्रह धरला. अब्राहामाला ते फार वाईट वाटले. परंतु परमेश्वराने त्याला सारेचे ऐकण्यास सांगितले आणि इश्माएलाचेही राष्ट्र करण्याचे वचन दिले (२१:११-१३). पाण्याची एक मसक घेऊन हागार बैर-शेबाच्या रानात भटकली. पाणी संपले. मूल मरताना पाहवणार नाही म्हणून ती दूर जाऊन रडू लागली. देवाने त्या मुलाचा आवाज ऐकला (२१:१७).

आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे एखादे पान असते. जिला सारी मंडळी प्रेमळ माता म्हणून ओळखत होती, तिने कदाचित थोरल्या सुनेला फार कठोरपणे वागवले असेल. एखाद्या मुलाने जातीबाहेर लग्न केले म्हणून त्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला धरला असेल. घरकाम करणाऱ्या बाईला वेगळ्या कपात चहा दिला असेल. स्मरणाच्या उपासनेत सारे गोड बोलत असतात, आणि मागच्या बाकावर ती सून मान खाली घालून बसलेली असते. तिच्या अनुभवाला त्या स्मरणात कोठेच जागा नसते.

मग मृताचे दोष चव्हाट्यावर आणावेत काय? मुळीच नाही. नोहाची नग्नता पाहून ती बाहेर सांगत सुटलेला हाम आणि पाठमोरे जाऊन पित्यावर वस्त्र घालणारे शेम व याफेथ यांच्यातील भेद आपल्याला ठाऊक आहे (९:२०-२३). आईबापांची अब्रू झाकणे हा पुत्रधर्म आहे. पण झाकणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. जेथे दोषाची झळ केवळ त्या व्यक्तीलाच लागली, तेथे प्रेमाने मौन धरावे. जेथे दुसऱ्या कोणावर अन्याय झाला आहे आणि ती व्यक्ती आपल्यामध्ये जिवंत आहे, तेथे मौन हा त्या अन्यायात भर घालण्याचाच प्रकार होतो. अशा वेळी भरसभेत काही बोलण्याची गरज नाही. घरातील वडीलधाऱ्याने त्या सुनेजवळ बसून, 'वहिनी, आईंनी तुम्हाला फार सोसायला लावले, हे आम्ही पाहिले आहे,' एवढे म्हटले तरी पुरे. या एका वाक्याची ती वीस-पंचवीस वर्षे वाट पाहत असेल.

याविषयी शास्त्रात एक सांत्वनाची नोंद आहे. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन मरण पावला, तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून त्याला पुरले, आणि पुरले ते सारेला ठेवले होते त्याच गुहेत (२५:९-१०). जिने आपल्याला घराबाहेर काढले तिच्या कबरेच्या तोंडाशी इश्माएल उभा राहिला. त्या दोन भावांत त्या दिवशी काय बोलणे झाले हे लिहिलेले नाही. पण ते एकत्र आले, हे लिहिले आहे.

४. मकपेलाचे शेत

सारा मरण पावली तेव्हा अब्राहाम शोक करण्यास व रडण्यास आला (२३:२). अब्राहामाच्या चरित्रात त्याच्या अश्रूंचा उल्लेख येतो तो येथेच. देश सोडताना, दुष्काळात किंवा पुत्राला घेऊन मोरियाच्या वाटेने चालतानाही तो रडला असे लिहिलेले नाही. पत्नीच्या मृत देहाजवळ विश्वासणाऱ्यांचा पिता रडला. शोक हा विश्वासाचा अभाव आहे असे जे मानतात, त्यांनी हे वचन पुन्हा वाचावे.

मग तो उठला आणि नगराच्या वेशीवर गेला. एफ्रोन हित्ती याने शेत फुकट देण्याची भाषा केली, पण अब्राहामाने ती मानली नाही. त्याने चारशे शेकेल रुपे व्यापाऱ्यांच्या वजनाने तोलून दिले, आणि शेत, त्यातील गुहा व सभोवारच्या हद्दीतील झाडे साक्षीदारांदेखत आपल्या मालकीची करून घेतली (२३:१६-१८). ज्या देशाचे अभिवचन त्याला मिळाले होते, त्या देशात त्याच्या हक्काची झालेली ही पहिली जमीन, आणि ती सारेच्या कबरेसाठी होती. पुढे इसहाक, रिबका, लेआ आणि मिसरातून आणलेला याकोब यांनाही तेथेच पुरण्यात आले (४९:२९-३२, ५०:१३). सारेच्या मरणाने त्या भटक्या कुटुंबाला अभिवचनाच्या देशात एक ठिकाण मिळाले.

अब्राहामाने किंमत मोजली, हे लक्षात घ्या. स्मरणालाही किंमत द्यावी लागते. आपल्या बाबतीत ती बहुधा पैशाची नसून वेळेची असते.

५. आईचा तंबू

सारेच्या मरणसमयी इसहाक ३७ वर्षांचा होता. चाळिसाव्या वर्षी त्याने रिबकेशी लग्न केले (२५:२०). म्हणजे मधली तीन वर्षे तो आईवाचून राहिला. मग त्याने रिबकेला आपल्या आईच्या तंबूत आणले, तिच्यावर त्याचे प्रेम बसले, आणि आईच्या मागे त्याला सांत्वन मिळाले (२४:६७).

तीन वर्षे! आपण शोक करणाऱ्याला तीन आठवड्यांत सावरण्यास सांगतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, तो तंबू आईची आठवण म्हणून कायमचा बंद राहिला नाही. सारेला कधीही न पाहिलेली एक परकी मुलगी त्यात राहावयास आली. तिने तो तंबू आपल्या पद्धतीने चालवला असेल, आणि इसहाकाने तिला तसे करू दिले असेल. आईची आठवण काढून सुनेला उणे लेखणे, 'आमच्या आईच्या हातची चव काही निराळीच' असे दररोज ऐकवणे, हा आईचा सन्मान नव्हे. आईचे खरे स्मरण नव्या माणसाला घरात जागा करून देते.

६. लोइस, युनीके आणि तीमथ्य

नव्या करारात पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा तो त्याच्या निष्कपट विश्वासाचा माग त्याची आजी लोइस आणि आई युनीके यांच्यापर्यंत नेतो (२ तीमथ्य १:५). तीमथ्याची आई यहूदी असून विश्वास ठेवणारी होती. पिता ग्रीक होता (प्रेषितांची कृत्ये १६:१). बालपणापासून त्याला पवित्र शास्त्राची माहिती होती (२ तीमथ्य ३:१५). पौल त्या वेळी बंदिवासात होता आणि आपला अंत जवळ आल्याचे तो जाणत होता (४:६). अशा घडीला त्याने आपल्या तरुण सहकाऱ्याच्या आजीचे नाव आठवून लिहिले.

येथे शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. विश्वास प्रथम लोइसमध्ये होता, मग युनीकेमध्ये. आणि तुझ्यामध्येही आहे अशी आपली खातरी आहे, असे पौल तीमथ्याला वेगळे सांगतो. घर, शेत, दागिने यांचा वारसा कागदावर लिहून देता येतो. विश्वासाचा तसा देता येत नाही. मंडळीच्या पटावर चार पिढ्यांची नावे असली तरी चौथ्या पिढीला स्वतः प्रभूकडे यावे लागते. आजीची साक्ष तिला वाट दाखवते. परंतु ती साक्ष ठाऊकच नसेल तर?

७. आपल्या भाषेतील एक उदाहरण

मराठी ख्रिस्ती माणसाला या बाबतीत एक मोठे उदाहरण लाभले आहे. नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. पतिपत्नींची ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. १९१९ मध्ये टिळक निवर्तले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई.

या ग्रंथात त्यांनी आपल्या वडिलांचे अतिरेकी सोवळे सांगितले, पतीचा तापट स्वभाव आणि अव्यवहारी औदार्य सांगितले, आणि स्वतःची फजितीही हसत हसत सांगितली. भेद देवाने नव्हे तर माणसांनी केले, हे कळल्यावर आपले सोवळेपण कसे गळून पडले, हेही सांगितले. कोणाचाही द्वेष नाही आणि कोणाची खोटी स्तुतीही नाही. म्हणूनच जे ख्रिस्ती नाहीत असे असंख्य वाचकही तो ग्रंथ आपला मानतात. शाळेच्या शिक्षणाचा फारसा लाभ न झालेल्या स्त्रीने खरे सांगण्याच्या बळावर हे केले.

८. आपण काय करावे?

पहिली गोष्ट, जिवंतपणी विचारा. स्तोत्र ७१:१८ मध्ये वृद्ध भक्त देवाला विनवतो की, पुढच्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नको. सांगण्याची तळमळ वृद्धांच्या मनात असते. ऐकणारा जवळ बसत नाही. दर रविवारी दुपारी अर्धा तास आजीजवळ बसा आणि एकच प्रश्न विचारा. मोबाइलवर तिचा आवाज साठवून ठेवा.

दुसरी गोष्ट, लिहून ठेवा. तिचे माहेरचे नाव, जन्मगाव, बाप्तिस्म्याची मंडळी, तिला शिकवणाऱ्या शिक्षिकेचे किंवा बायबलबाईचे नाव, तिची आवडती वचने. जुन्या मंडळ्यांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या या कामी साहाय्य करतील. ज्या स्त्रीचे नाव लग्नानंतर बदलले, तिचे पहिले नाव तिच्याबरोबर मातीत जाऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या बंधुभगिनींना विशेष विनंती. इंदूर, हैदराबाद, बंगळूर किंवा दिल्ली येथे वाढणाऱ्या आपल्या नातवंडांपैकी पुष्कळांना मराठी बोललेले कळते, पण वाचता येत नाही. आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातू दुसऱ्या भाषेत आमेन म्हणतो. तिचे शब्द मराठीतच लिहून घ्या, आणि त्याखाली मुलांना समजेल त्या भाषेत अर्थ लिहा. दोन्ही एकाच वहीत असू द्या.

चौथी गोष्ट, तिच्या शंकांविषयी व पश्चात्तापाविषयीही ऐकण्यास तयार असा. एखादी वृद्ध माता शेवटच्या दिवसांत म्हणते, 'मी अमक्याशी फार वाईट वागले.' आपण लगेच, 'नाही हो आई, तुम्ही किती चांगल्या आहात,' असे म्हणून तिचे तोंड बंद करतो. तसे करू नका. तिला बोलू द्या. शक्य असेल तर त्या व्यक्तीला निरोप पाठवून बोलावून घ्या. मृत्यूनंतरच्या शंभर साक्षींनी जे साधणार नाही, ते त्या एका भेटीत साधेल.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. सारेच्या अविश्वासाचे हसू आणि इब्री ११:११ मधील तिचा विश्वास, हे दोन्ही शास्त्रात का ठेवले असावे?

२. आपल्या घरातील कोणत्या 'हागारे'ची वेदना आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही?

३. आपल्या आजीच्या किंवा पणजीच्या विश्वासाची एक तरी घटना मुलांना सांगता येईल काय? येत नसल्यास ती कोणाला विचारता येईल?

४. आईचा तंबू रिबकेसाठी उघडणे म्हणजे आपल्या घरात नेमके काय करणे?

प्रार्थना

हे आमच्या पूर्वजांच्या देवा, आमच्या घराण्यात ज्या मातांच्या द्वारे तू तुझे नाव राखलेस त्यांच्याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. त्यांच्याविषयी खरे बोलण्याचे धैर्य आणि प्रेमाने बोलण्याची बुद्धी आम्हांला दे. त्यांच्या हातून जे दुखावले गेले त्यांना तू आरोग्य दे. ज्या माता अजून आमच्यामध्ये आहेत त्यांच्याजवळ बसण्यास आम्हांला आजच सवड काढू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.